मराठी फीचर: शिकायचं कुठे, छापायचं कुठे?

पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेला एक तरुण दवाखाना थाटत नाही. तो निपाणीला जातो, तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायकांशी बोलतो. दिवसाला हाती काय पडतं, खोकला कधीपासून लागला, मूल कुणापाशी ठेवून येता, मालक कसा बोलतो. उत्तरं तो त्या बायकांच्याच शब्दांत टिपून घेतो आणि पुण्याला परतून ती मराठी वाचकापुढे ठेवतो. लेखात कुठे हंबरडा नाही, कुणाला शिव्याशाप नाहीत. तरीही वाचून उठलेल्या माणसाला विडी दिसली की ती वखार आठवते.

अनिल अवचटांच्या या लेखनाला नेमकं काय म्हणायचं, यावर मराठीत आजही एकमत नाही. कुणी रिपोर्ताज म्हणतं, कुणी वृत्तलेख, कुणी सामाजिक ललित. वृत्तपत्राच्या कचेरीत मात्र सरळ ‘फीचर’ म्हणतात. अमेरिकेत पुलित्झर पारितोषिकांमध्ये १९७९ पासून या प्रकाराला स्वतंत्र विभाग आहे. आपल्याकडे नावच पक्कं झालेलं नाही, आणि त्याचा परिणाम शिकण्यावर होतो. कथा शिकायची तर कथाकार समोर असतात, कविता शिकायची तर कवी असतात. फीचर शिकू पाहणाऱ्या मुलाला मात्र तू बातमी लिही किंवा लेख लिही, असं सांगितलं जातं. त्याला हवं असलेलं काम या दोहोंच्या मधे कुठेतरी असतं आणि तिथली वाट दाखवणारं कुणी भेटत नाही.

यामागे इतिहास आहे. मराठी नियतकालिकांतलं गद्य घडलं ते प्रामुख्याने वादातून. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केलं ते ज्ञानप्रसारासाठी. लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात शतपत्रं लिहिली ती समाजाला धारेवर धरायला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये आली आणि प्रतिपक्षाला नामोहरम करणारी निबंधशैली हीच प्रौढ गद्याची खूण ठरली. पुढे ‘केसरी’ने अग्रलेखाला जे वजन मिळवून दिलं, ते सर्वांना ठाऊक आहे. हा वारसा मोठाच आहे. पण त्यामुळे ‘लेख’ म्हणजे ‘मत’ हे समीकरण आपल्या हाडीमासी मुरलं. पाहिलेलं सांगण्यापेक्षा पटवून देण्याला आपण अधिक मान दिला.

पाहिलेलं सांगणारी दुसरी धारही तेव्हा होतीच. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला. त्यात युक्तिवाद आहे, संताप आहे, आणि त्याच पुस्तकात कुणब्याच्या घराचं असं बारकाईचं वर्णन आहे की आजच्या बातमीदाराने वहीत उतरवून घ्यावं. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. इतिहासकार चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी तो प्रवास लिहून काढला आणि १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ छापून आला. एका भिक्षुकाच्या नजरेला पडलेलं युद्ध त्यात आहे: जेवणाची ददात, जीव वाचवायला शोधलेली जागा, पैशाची चिंता. सेनापतींच्या चरित्रांत हे सापडत नाही. मराठी फीचरची वंशावळ लिहायची झाली तर ती अग्रलेखापासून सुरू करू नये, या दोन पुस्तकांपासून करावी.

या धारेला विसाव्या शतकात घर मिळालं ते मासिका-साप्ताहिकांत. नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं वार्तापत्र म्हणून १९२० मध्ये सुरू झालेलं ‘किर्लोस्कर’ वाढत वाढत महाराष्ट्राच्या घरोघरी पोचलं. त्याच छापखान्यातून १९३० मध्ये ‘स्त्री’ निघालं आणि मग ‘मनोहर’. नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटील दीर्घकाळ ‘दीनमित्र’ चालवत राहिले. व्यंकटेश माडगूळकरांची माणदेशी माणसं आधी ‘मौज’ साप्ताहिकात वाचकांना भेटली, १९४९ मध्ये त्यांचं पुस्तक झालं. ती व्यक्तिचित्रं म्हणून अभ्यासाला लावली जातात. पण माणूस उभा करताना चालणं, कपडे, बोलण्याची ढब आणि गावातली त्याची जागा किती थोडक्यात सांगता येते, हे फीचर लिहिणाऱ्याने तिथेच शिकावं.

मग १९६१ मध्ये श्री. ग. माजगावकरांनी ‘माणूस’ सुरू केलं. मराठी फीचरची खरी शाळा हीच.

‘माणूस’चं वेगळेपण त्यातल्या नावांच्या यादीत शोधलं तर निम्मंच हाती लागतं. वि. ग. कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ आणि अरुण साधूंचं चीनवरचं ‘आणि ड्रॅगन जागा झाला’ ही पुढे गाजलेली पुस्तकं आधी तिथे क्रमशः आली. विशी-तिशीतल्या, नाव नसलेल्या लेखकांना सलग पानं देण्याची हिंमत या संपादकाकडे होती. विषय सुचवणं, लेखकाला गावोगाव जायला लावणं, आलेला मजकूर वाचून कुठे माहिती कमी पडते ते दाखवणं, आणि विषय मागेल तितकी जागा देणं या चार गोष्टी तिथे एकत्र आल्या. साने गुरुजींनी १९४८ मध्ये सुरू केलेल्या ‘साधना’नेही तरुणांना असंच मोकळं रान दिलं. १९७२ च्या स्वातंत्र्यदिनाला निघालेला ‘साधना’चा विशेषांक अवचटांनीच संपादित केला होता. दलित पँथरचे राजा ढाले यांच्या लेखामुळे तो अंक महाराष्ट्रभर गाजला.

अशा ठिकाणी लेखक घडतो तो सहवासाने. सुतारकाम शिकणारा पोरगा जसा मिस्त्रीच्या हाताकडे बघत रंधा धरायला शिकतो, तसाच. त्याला नियमांची वही कुणी देत नाही. त्याच्या फळीवर मिस्त्री नुसता बोट फिरवतो आणि खडबडीत जागा दाखवतो.

अवचटांचं ‘पूर्णिया’ १९६९ चं. बिहारमधल्या एका जिल्ह्यातली जमीनदारी, भूक आणि माणसं त्यात आहेत. त्यानंतर ‘वेध’, ‘संभ्रम’, ‘माणसं’, ‘कोंडमारा’, ‘धागे आडवे उभे’, ‘गर्द’, ‘कार्यरत’ असा पन्नासेक वर्षांचा पट २०२२ मध्ये त्यांच्या निधनापर्यंत पसरला. या लेखनाची तीन वैशिष्ट्यं शिकणाऱ्याने वेगळी काढून बघण्यासारखी आहेत. पहिलं, कामाची प्रक्रिया. एखादा माणूस पोट कसं भरतो, हे सांगताना त्याचे हात काय करतात ते अवचट टप्प्याटप्प्याने सांगतात. दुसरं, प्रश्न विचारताना आपलं अज्ञान न लपवणं. ‘मला कळलं नाही, पुन्हा सांगा’ असं म्हणणारा लेखक त्या पानांत दिसतो आणि त्याच्याबरोबर वाचकालाही समजत जातं. तिसरं, विशेषणांचा उपवास. भीषण, हृदयद्रावक, थरारक हे शब्द त्यांना लागत नाहीत, कारण तपशील पुरेसे बोलके असतात.

अशा लेखनाने काय होऊ शकतं, याचा पुरावा पुण्यात उभा आहे. गर्द या अमली पदार्थाच्या व्यसनात अडकलेल्या मुलांवर अवचटांनी लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी मदतीचा हात पुढे केला आणि १९८६ मध्ये अवचटांच्या पत्नी डॉ. सुनंदा यांच्या पुढाकाराने मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. लेखातून संस्था उभी राहण्याचं इतकं थेट उदाहरण दुसरं सांगणं कठीण आहे.

पण अवचटांकडे केवळ भक्तिभावाने बघणंही बरं नाही. त्यांच्या लेखात दुःख दिसतं, दुःखामागची यंत्रणा नेहमीच तितकी स्पष्ट होत नाही. कायदा काय सांगतो, सरकारी तिजोरीतून किती पैसा येतो, तो कुठे मुरतो, बाजारभाव कोण ठरवतं, हे प्रश्न पुष्कळदा कडेला राहतात. प्रश्न मांडतात, उत्तर देत नाहीत, हा आक्षेप त्यांच्यावर जुनाच आहे. तो अर्धाच खरा, कारण उत्तर देणं हे बातमीदाराचं काम नव्हे. यंत्रणा उघडी करणं मात्र त्याचं काम आहे. दुसरी अडचण त्यांच्या अनुकरणातून आली. त्यांचा ‘मी’ समोरच्याला जागा करून देणारा होता. अनुकरण करणाऱ्यांचा ‘मी’ गाडी कशी चुकली, चहा कसा मिळाला, मन कसं भरून आलं, यातच पहिली दोन पानं खाऊन टाकतो. अवचटांची साधी वाक्यं त्यांनी उचलली, त्या वाक्यांमागची पायपीट उचलली नाही.

‘मी’ कसा ठेवावा, हे दि. बा. मोकाशींच्या ‘पालखी’त पाहावं. हा कथाकार वारीबरोबर पंढरपूरपर्यंत गेला आणि १९६४ मध्ये पुस्तक आलं. लेखक भाविक म्हणून निघत नाही, टीकाकार म्हणूनही निघत नाही. दिवसामागून दिवस तो बघतो, थकतो, लोकांशी बोलतो आणि आपल्या शंका शंकाच ठेवतो. फिलिप एंगब्लॉम यांनी १९८७ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद केला, तेव्हा वारीचा अभ्यास करणाऱ्या परदेशी वाचकांपुढे तो दस्तऐवज म्हणून गेला. पत्रकारितेच्या किती वर्गांत तो वाचून घेतला जातो, हे शिक्षकांनी स्वतःला विचारावं.

‘माणूस’ बंद पडलं, ‘मनोहर’ गेलं, आणि नव्वदच्या दशकात चित्र बदललं. वृत्तपत्रांची पानं रंगीत झाली, पुरवण्या वाढल्या. याच काळात पुण्यात काही तरुणांनी ‘युनिक फीचर्स’ उभी केली. एकाच वृत्तपत्राची नोकरी न धरता गटाने विषय खणायचा, लेख तयार करून वेगवेगळ्या नियतकालिकांना द्यायचा, हा प्रयोग मराठीला नवा होता. पुढे त्यांचं ‘अनुभव’ मासिक आलं, समकालीन प्रकाशन आलं. मुंबईतल्या जाती-जमाती आणि प्रांतोप्रांतीच्या समूहांवरचं ‘अर्धी मुंबई’ हे गटाने मिळून केलेल्या कामाचं फळ. त्यांच्या एका पुस्तकमालेचं नावच ‘शोधा खोदा लिहा’ असं आहे. या तीन क्रियापदांत लिहिणं शेवटी येतं, हे ध्यानात घ्यायला हवं.

गेल्या तीस वर्षांतलं चांगलं काम मोजायला बसलं तर निराश व्हावं असं चित्र नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपावर लातूरच्या अतुल देऊळगावकरांनी ‘डळमळले भूमंडळ’ लिहिलं. बातमीदारांचे ताफे परत गेल्यावरही तिथेच असलेल्या माणसाची नजर त्यात आहे. निळू दामले अफगाणिस्तानपर्यंत जाऊन आले आणि ‘अवघड अफगाणिस्तान’ मराठीत आलं. मिलिंद बोकिलांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ सांगताना गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची ग्रामसभा, तिच्यातली एकमताची पद्धत आणि जंगलावरचा सामूहिक हक्क यांची उकल केली. अवचटांच्या लेखनात जी यंत्रणा कडेला राहायची, ती इथे मध्यावर आली. दीप्ती राऊत यांच्या ‘कोरडी शेतं... ओले डोळे’मध्ये आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या मागे राहिलेल्या बायका बोलतात. संध्या नरे-पवारांनी डाकीण ठरवल्या गेलेल्या स्त्रियांचा माग काढला. हेरंब कुलकर्णींनी २४ जिल्ह्यांतल्या १२५ गावांत फिरून ‘दारिद्र्याची शोधयात्रा’ लिहिली. पी. साईनाथ यांनी २०१४ च्या अखेरीस सुरू केलेल्या ‘पारी’ या संकेतस्थळावर ग्रामीण महाराष्ट्राचे कितीतरी लेख मराठीत वाचायला मिळतात.

या यादीत एक गोष्ट खटकते. यातलं बहुतेक काम आज वाचकाला पुस्तकातून, मासिकातून किंवा एखाद्या संस्थेच्या आधाराने भेटतं. रोज सकाळी दारात पडणाऱ्या वृत्तपत्रातून ते क्वचितच येतं.

तिथे काय भेटतं, ते कुठलीही पुरवणी उघडून पाहावं. सहाशे-सातशे शब्दांची चौकट आणि तिच्यात एक यशोगाथा. गरिबी, जिद्द, संघर्ष, यश आणि शेवटी तरुणांना संदेश. माणसाचं नाव बदललं तरी लेख तोच राहतो. भांडवल कुठून आलं, अपयशी ठरलेल्या इतर दहा जणांचं काय झालं, कुटुंबातल्या बाईने काय सोडलं, हे कुणी विचारलेलं नसतं. पुष्कळदा मुलाखत फोनवर उरकलेली असते आणि माहिती त्या व्यक्तीनेच लिहून पाठवलेली असते. ‘थक्क करणारा प्रवास’ आणि ‘डोळे पाणावले’ या शब्दांनी ती जागा भरली जाते. ‘कार्यरत’मध्येही समाजासाठी झटणारी माणसंच आहेत. पण तिथे त्यांच्या कामातल्या खाचाखोचा, फसलेले प्रयोग आणि रोजचा खर्चही आहे. गौरव करणं आणि समजून घेणं यांतलं अंतर या दोन प्रकारचे लेख शेजारी ठेवले की लगेच दिसतं.

दोष नुसत्या लिहिणाऱ्यांचा नाही. दिवसाला तीन-चार बातम्या द्याव्या लागणाऱ्या बातमीदाराला एका गावात चार दिवस राहायची मुभा कोण देणार? तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या वार्ताहराला मानधन तुटपुंजं, प्रवासखर्च बहुधा स्वतःचा, आणि जाहिराती गोळा करायचं काम वर. ज्याला गाव माहीत आहे त्याला जागा मिळत नाही. ज्याला जागा आहे त्याला गाव माहीत नाही. मराठी फीचरचं आजचं दुखणं एका वाक्यात सांगायचं तर हेच.

महाविद्यालयांत काय शिकवलं जातं? पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटपासून जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अभ्यासक्रमांपर्यंत वृत्तपत्रविद्या शिकवणाऱ्या जागा आता पुष्कळ आहेत. तिथे कोण, काय, कुठे, केव्हा, का आणि कसं हे सहा ककार पाठ होतात, इंट्रोचे प्रकार सांगितले जातात. ते लागतंच. पण फीचरची खरी कसोटी त्या सहांपैकी ‘का’ आणि ‘कसं’ या शेवटच्या दोन ककारांत आहे आणि त्यांची उत्तरं वर्गात बसून मिळत नाहीत.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांचं उदाहरण घ्यावं. या बायकांमध्ये गर्भाशय काढण्याचं प्रमाण विलक्षण आहे, ही गोष्ट २०१९ मध्ये गाजली. सरकारी पाहणीत तेरा हजारांहून अधिक स्त्रियांची शस्त्रक्रिया झाल्याचं समोर आलं. हा आकडा म्हणजे बातमी. फीचर त्यापुढे सुरू होतं. त्यासाठी आधी या धंद्याचे शब्द कळावे लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादम हंगामाआधी देतो ती ‘उचल’. एक दिवस काम बुडलं की पडतो तो ‘खाडा’, आणि त्याचे पैसे कापले जातात. हे तीन शब्द समजले की पाळीचे चार दिवसही या बाईला का परवडत नाहीत, हे आपोआप उलगडतं. उचल फेडायची आहे, खाडा चालणार नाही, जोडीतला एक जण आजारी पडला तर अख्खा कोयता थांबतो. फडाशेजारच्या पालावर न्हाणीघर नाही. गावाकडे खासगी डॉक्टर भीती घालतो आणि शस्त्रक्रियेसाठी पुन्हा उचल घ्यावी लागते. हा दोरा पकडणारा लेखक बाईचं दुःखही सांगतो आणि तिला शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत नेणारा हिशेबही मांडतो.

या एका विषयात सगळा अभ्यासक्रम सामावलेला आहे. ‘ऊसतोड कामगारांच्या समस्या’ हा विषय इतका पसरट की त्यावर फक्त निबंध होईल. एका टोळीचा ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाव सोडण्यापासून उन्हाळ्यात परतण्यापर्यंतचा हंगाम, असा तो अरुंद केला की लेखाला आपोआप आदि, मध्य आणि अंत मिळतो. टोळी निघताना एकदा, फडावर एकदा आणि परतल्यावर एकदा, असं तीनदा जायला हवं. पहिल्या भेटीत माणसं पाहुण्याला सांगायचं ते सांगतात. तिसऱ्या भेटीत मुकादमाबद्दल बोलतात. बाईने सांगितलेली रक्कम मुकादमाच्या वहीशी आणि कारखान्याच्या दराशी ताडून बघायला हवी. मुकादमाची आणि डॉक्टरची बाजूही त्यांच्या तोंडून ऐकायला हवी. बाईचं नाव छापल्याने पुढच्या हंगामात तिला काम मिळेल का, हा विचार छापण्याआधी करायला हवा. तिची बोली प्रमाण मराठीत धुऊन काढू नये आणि गंमत म्हणून उधळूही नये.

आणि मग पुनर्लेखन. पहिल्या खर्ड्यात लेखकाला जे जे कळलं ते सगळं असतं. दुसऱ्यात वाचकाला लागणार नाही ते जातं. तिसऱ्यात कुणीतरी दुसऱ्याने वाचून ‘इथे मला समजलं नाही’ असं म्हणावं लागतं. तो दुसरा म्हणजे संपादक. मराठीत आज सगळ्यांत मोठी टंचाई त्याची आहे. मजकूर कापणारे उपसंपादक आहेत, लेखकाला परत पाठवणारे संपादक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत.

एक आशेची जागा अजून शाबूत आहे, ती दिवाळी अंकांची. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दरवर्षी महाराष्ट्र शेकडो अंक काढतो. जगातल्या फार थोड्या भाषांना ही सोय आहे. चार-पाच हजार शब्दांचा सलग लेख छापायची जागा, वर्षभराचा अवधी आणि विकत घेऊन वाचणारा वाचक. ‘अक्षर’, ‘साधना’, ‘अनुभव’ यांसारखे अंक ही जागा मन लावून वापरतात. पण इतर कित्येक अंकांत परिसंवाद, आठवणी आणि राशिभविष्य यांखाली ती दबून जाते. एकेका अंकाने वर्षातून एकाच तरुण लेखकाला जानेवारीत विषय, प्रवासखर्च आणि ज्येष्ठ संपादकाची सोबत दिली, तरी दिवाळीपर्यंत पन्नास अंकांतून पन्नास शोधलेले लेख उभे राहतील. यासाठी नवी संस्था लागत नाही, अनुदानही लागत नाही.

६ जानेवारीला पत्रकार दिनाचे सत्कार होतात. त्याच दिवशी जिल्हा पत्रकार संघांनी आणि विद्यापीठांनी शाल-श्रीफळाच्या जोडीने एखाद्या तालुका वार्ताहराला महिनाभराच्या फिरतीचे पैसे द्यावेत आणि त्याचा लेख छापण्याची हमी घ्यावी. शिक्षकांनी ‘पालखी’ आणि ‘माणसं’ वर्गात वाचून घ्यावीत आणि विद्यार्थ्यांना एकाच वीटभट्टीवर तीनदा पाठवावं. वाचकाकडेही एक काम आहे. येत्या दिवाळीत अंक निवडताना अनुक्रमणिकेतली नावं बघून थांबू नका. आतली पानं उलटा, लेखक त्या जागी जाऊन आला आहे का ते बघा. गेला असेल तर तो अंक विकत घ्या, आणि संपादकाला पोस्टकार्ड टाकून सांगा की तो याच लेखासाठी घेतला.